नवव्या महिन्याची लस

दहिवडीच्या बाजारात मी दिसले की पोरं रडतात. चेष्टा नाही करत. पिशवी घेऊन भाजीला निघावं, तर समोरून आईच्या कडेवर बसून येणारं एखादं पोर मला बघतं, त्याचा खालचा ओठ बाहेर येतो आणि लगेच सगळ्या बाजाराला कळतं की डाक्टरीणबाई आल्या. अंगात पांढरा कोट नसतो, हातात मेथीची जुडी असते, तरी त्याला कळतं. आया तर काय, वस्तादच. "गप, न्हाईतर ती बघ आली," म्हणून खुशाल माझ्याकडं बोट दाखवतात आणि वर मलाच हसून विचारतात, "बरं हाय न्हवं म्याडम?" बरं आहे बाई, बरं आहे. अख्ख्या तालुक्याचा बागुलबुवा होऊन बसलेय, बरं नसायला काय झालं!

मी मूळची सांगलीची. पाणी आलं म्हणून घर सोडावं लागतं हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पाणी नाही म्हणूनही सोडतात, हे लग्न होऊन माण तालुक्यात आल्यावर कळलं. नवऱ्याचं गाव इथलं. तो कॉलेजात गणित शिकवायचा, मी लहान मुलांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा बंगळूरला असतो, सून आहे, नातू आहे. सांगलीची बहीण दर रविवारी फोनवर तीच रेकॉर्ड लावते, "अगं, तिथं काय पुरून ठेवलंयस? ये की इकडं." मी म्हणते, बघू. दिवसभर रडारडीनं डोकं उठतं आणि शेवटचा पेशंट गेला की त्याच डोक्याला शांतता सोसत नाही. वर जाते, एका वाटीचा भात लावते. एकटं वाटतं मला. हे मी कुणाला सांगत नाही, डॉक्टरनं असलं काही सांगायचं नसतं अशी आपल्याकडं पद्धत आहे.

नातवाला नवव्या महिन्याची लस दिली, म्हणजे तिथल्या कुणा डॉक्टरनं दिली. मला फोटो आला. दंडावर गोल पट्टी, डोळ्यांत टपोरं पाणी. मी तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला, सुई योग्य जागी दिलीय का म्हणून. योग्य जागी होती. आता त्यावर काय बोलणार! 'छान' असं लिहिलं आणि खाली जाऊन दुसऱ्यांची पोरं तपासत बसले.

लशीपायी मी थोडी येडी झालेय, हे मान्य. हळदीकुंकवाला मला आता कुंकू लावायला कोणी बोलवत नाही, पण लशीवर भाषण ठोकायला बोलावतात. मी जाते. बायका वाण लुटतात, मी गोवर आणि घटसर्प यांच्यावर बोलते. जत्रेत कुस्त्या लागायच्या आधी माईक हातात घेतलाय, शाळेच्या गॅदरिंगला नाचाच्या मधे घुसलेय. इथले निम्मे बाप मुंबईला, ते फोनवरून विचारतात, "म्याडम, व्हॉट्सॅपवर आलंय की लशीनं पोरं अधू हुत्यात." मी म्हणते, "मग पोर आजारी पडलं की व्हॉट्सॅपलाच दाखवा." तोंडच असलं आहे, काय करू. पण त्याच बापांच्या बायका दुसऱ्या दिवशी पोर घेऊन येतात. मला तेवढं पुरतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर, बाजारच्या दिवशी, एक धनगराची सून एकटीच दवाखान्यात आली. या लोकांची मेंढरं पावसाळाभर माणात असतात आणि दिवाळी झाली की सगळा वाडा, म्हणजे त्यांची सात-आठ कुटुंबं, घोडी, कुत्री आणि मेंढरं, पश्चिमेला चालू लागतो. उंब्रजवरून पाटण, मग घाट उतरून कोकण. उन्हाळा सरला की परत. तिची लहान मुलगी मला माहीत होती. पावसाळ्यात तिचे सगळे डोस मीच दिले होते.

"पोरगी कुठाय?" मी विचारलं.

"सासूपाशी."

"मग सुई काय तुला देऊ?"

ती हसली नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "नवव्या महिन्याची लस कवा द्यायची?"

"नववा भरला की. आधी नाही."

"नववा भरंल तवा आमी वाटंवर असतोय."

मग तिनं सांगितलं. तिचा पहिला मुलगाही असाच. त्याची नवव्या महिन्याची लस वाटेत चुकली आणि कोकणात त्याला गोवर निघाला. पुरळ मावळली, सगळे म्हणाले सुटला. मग छाती भरली. दवाखाना जवळ कुठला, घाटाच्या वरचा की खालचा, हे ठरेपर्यंत पोर गेलं. सांगताना तिचा आवाज हललासुद्धा नाही. शेवटी फक्त म्हणाली, "ही पोरगी मला ऱ्हायला पायजे. आमचा म्हातारा वाटंवर सुई नको म्हंतोय. तुमी त्येला सांगा."

म्हातारा म्हणजे तिचा सासरा. वाड्याचा कारभारी तोच. कधी निघायचं, कुठं बसायचं, सगळं त्याच्या शब्दावर.

रविवारी मी गेले. माळावर वाघर लावली होती, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या कडेला म्हातारा घोंगडं टाकून बसला होता. मला घोंगड्यावर बसवलं, चहा सांगितला. आणि मी सुरू झाले. गोवर म्हणजे देवीचा कोप नव्हे, लिंबाचा पाला टांगून तो जात नाही, घरात फोडणी बंद केली म्हणून पोर वाचत नाही, सगळं सगळं. गावोगाव बोलून बोलून माझं ते पाठ झालेलं. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. मधे एकदा कुत्र्याला हाड् म्हणाला, तेवढंच. मी थांबले तेव्हा म्हणाला, "चा घ्या, गार हुतोय."

कपाळावर हात मारायचाच राहिला माझा.

सून मला गाडीपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "आवं, तुमी देवीचं कशापायी काढलं? म्हातारा देवीला न्हाई भेत. पोर गेल्यावर त्यानंच देवीला लय शिव्या दिल्या. त्येचं येगळंच हाय."

"काय वेगळं?"

"आमच्यात मेंढरांस्नी लस टोचली की चार-पाच दिस चालवत न्हाईत. चालवली तर अंग धरत्यात, गाभ टाकत्यात. पावसाळ्यात आमी एका जागी असतोय, तवा पोरीला सुया दिल्याच की. वाटंवर टोचून चालवली तर पोरीला बादंल, असं त्येचं म्हणनं."

"अगं पण ती पोरगी काय चालणार आहे का? घोड्यावर बसून जाणार!"

"घोडं चालतंय की," ती म्हणाली.

आता बोला! मी इतकी वर्षं या लोकांना अंधश्रद्धा, अंधश्रद्धा म्हणून झोडपत होते, आणि यांचा लशीवर विश्वास माझ्याइतकाच. फक्त मेंढराचा नियम माणसाच्या पोराला लावलेला. मी तशीच मागं फिरले आणि म्हाताऱ्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "आबा, पोर आणि मेंढरू एक असतं का?"

"जीव त्यो जीवच की," तो म्हणाला. "मेंढरांची लस मी आजवर चुकवली न्हाई. एका सालाला टोचून लगीच चालवली, तर चांगल्या चांगल्या मेंढ्या बसल्या त्या उठल्या न्हाईत. डोळ्यानं बघितलंय. तुमी लय शिकल्या असाल, पर चालत्या जिवाला टोचायचं न्हाई."

मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. तो रागावला नाही, हललाही नाही. दिवाळी झाली आणि वाडा निघून गेला. जाताना सून दवाखान्याच्या दारात आली, माझा नंबर दिराच्या मोबाईलमध्ये घालून घेतला. मी तिला म्हटलं, "नववा भरला की फोन कर. कुठंही असाल, मी येते." म्हटलं खरं; पण नुसतं येऊन काय करणार होते, ते मलाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर रोज ती पोरगी माझ्या डोक्यात. दुसऱ्या कुणाच्या पोराला नवव्या महिन्याची लस देताना तिची आठवण यायची. थंडी पडली, ऊस तुटायला लागला असेल, आता ते औंधच्या पुढं गेले असतील, आता मसूरला, असं मी मनातल्या मनात चालत होते. बहिणीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, तुला नातवाची आठवण येत नाही एवढी!" येते की. पण त्याला वाचवायला बाकीचे आहेत.

एका दुपारी फोन आला. वारा एवढा, की निम्मं ऐकू येईना. "उंब्रजच्या पल्याड हाय, पाटणच्या रस्त्याला. तुटल्या उसाच्या रानात बसलोय. नववा भरलाय. आन् बाई, पुढं गेलेल्या वाड्यात पोरं गोवरानं पडल्यात. परवा आमी बी तिकडंच निघणार."

दवाखाना बंद ठेवायची मला सवय नाही. नवऱ्याचे दिवस सोडले तर कधी ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कुलूप लावलं, लशीची बाटली बर्फाच्या पट्ट्यांच्या डब्यात घातली, डबा गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधला. नाहीतरी शेजारी बसायला दुसरं कोण आहे! वाटेत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागं ताटकळत, शिव्या देत, अकराच्या सुमाराला रान सापडलं.

म्हाताऱ्यानं मला बघितलं, मग डब्याकडं बघितलं. "आलात व्हय."

"आले."

"आमी उद्या निघणार."

वाटेत गाडीत मी त्याला हजार उत्तरं दिली होती. प्रत्येक वळणावर त्याला हरवत आले होते. तिथं पोचल्यावर मात्र वाद घालावासा वाटेना. पाचटावर बसले. समोर ती सून पोरीला छातीशी धरून उभी, तिच्या नजरेत नुसती एक भीती. आणि मला वाटलं, हा माणूस खोटं बोलत नाही. याला पोरगी नको आहे असंही नाही. याला ती मरायला नको आहे, माझ्याइतकीच.

"आबा," मी म्हटलं, "तुमचं खरं. चालत्या जिवाला टोचायचं नाही. मग चालू नका. मी टोचते, तुम्ही थांबा. तुमच्याच कायद्यानं."

तो बोटं मोजत एकेक अडचण सांगू लागला. थांबणं म्हणजे काय ते मला हळूहळू कळलं. पुढच्या गावच्या शेतकऱ्याला त्यानं शब्द दिला होता. मेंढरं रानात बसवली की लेंडीखत पडतं, त्यापायी तो वाट बघत होता. इथली वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, संपत आली होती. मेंढरांना चारायला लांब न्यावं लागणार, आणि कोकणात आधी पोचणारे चांगल्या जागा धरणार. एका पोरीसाठी सात-आठ कुटुंबं अडकून पडणार. तो उठला, बाकीच्या पुरुषांकडं गेला. ते घोळका करून उभे राहिले. कुणीतरी हात उडवत बोलत होतं, कुणी माझ्याकडं बघत होतं. सुनेचा नवरा मान खाली घालून ढेकूळ फोडत बसला. सुनेनं पोरीचा दंड हातात धरून ठेवला होता.

म्हातारा परत आला. "टोचा," म्हणाला. "आमी ऱ्हातो."

मी पोरीच्या दंडाला सुई टोचली. पोरगी जी काय केकाटली, की मेंढरंसुद्धा माना वर करून बघायला लागली. म्हातारा म्हणाला, "आरं वा, आवाज आजाचा घेतलाय." सगळे हसले. मग सून रडायला लागली, आणि सासूनं तिला जवळ घेतलं. वाड्यात आणखी दोन पोरं राहिलेली निघाली. त्यांनाही टोचलं. आता थांबणारच आहोत तर, असं त्यांच्या आया म्हणाल्या.

लस दिल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. मी दुपार टळेपर्यंत थांबले. बाजरीची भाकरी, खर्डा आणि दूध; इतकं जेवण मी कधी जेवले होते, आठवत नाही. पोरगी माझ्या मांडीवर बसून स्टेथोस्कोप चावत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्याला डॉक्टरी कारण काहीही नव्हतं, सांगून टाकते. गोवराच्या लशीचा ताप आला तर आठवड्यानं, दहा दिवसांनी येतो. लगेच बघण्यासारखं काही नसतं. पण दवाखाना दुपारी बंद करून गाडी काढली. समोरचा दुकानदार म्हणाला, "म्याडम, गावाला?" मी म्हटलं, "हो, आमच्या लोकांकडं." बोलून गेले आणि पुढं बराच वेळ गाडीत एकटीच हसत होते. तिसऱ्या दिवशीही गेले. आता कुत्री भुंकायची बंद झाली होती. सासूनं डोक्याला तेल लावून घ्यायचा आग्रह केला, मी लावून घेतलं. सून तिच्या गेलेल्या मुलाबद्दल बोलली, पहिल्यांदाच नीट, म्हणजे तो हसायचा कसा, कोकराच्या मागं रांगायचा कसा. मी माझ्या नवऱ्याबद्दल बोलले. हे मी बहिणीशीही बोलत नाही. उसाच्या बुडख्यांत पाय पोळत होते आणि मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

पुढच्या खेपेला, म्हणजे पाचव्या दिवशी, मी पोचले तेव्हा म्हातारा वाटच बघत होता. रान मेंढरांनी पार खरवडून काढलेलं. पुढच्या शेतकऱ्याचे फोनवर फोन येत होते, हे मला सुनेनं आधीच सांगितलं होतं. पुढच्या वाड्यातली पोरं आता बरी होत चालली होती, तीही बातमी आली होती. म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"डाक्टरीणबाई, आता तुमी सांगा. निघू, का अजून ऱ्हाऊ? तुमी ऱ्हावा म्हणला तर ऱ्हातो."

ज्या माणसानं माझं एक वाक्य कधी मानलं नव्हतं, तो आज मला विचारत होता. आणि माझ्याकडं खरं कारण होतं. ताप आठवड्यानं येतो, तोवर थांबा, एवढं म्हटलं असतं तर कोणत्याही पुस्तकानं मला खोटं ठरवलं नसतं. तो थांबला असता. मी रोज आले असते. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. देवाशप्पथ, एवढा मोह मला आयुष्यात कशाचा झाला नाही.

मी मेंढरांकडं बघितलं. भुकेनं ती बुडखे चावत होती.

"निघा आबा," मी म्हटलं. "चार-सहा दिवसांनी ताप आला तर हे औषध द्या, या झाकणाच्या खुणेपर्यंत. तापात घोड्यावरून नेलं तरी पोरीला काही होत नाही. माझं ऐका."

"ऐकतो की," तो म्हणाला आणि त्यानं हाळी दिली.

मग मला कुणी विचारायला मोकळं नव्हतंच. पालं उतरली, वाघरी गुंडाळल्या, घोड्यांवर भांडी, कोंबड्या, बारकी कोकरं आणि त्यांच्या मधे ती पोरगी, टोपडं बांधलेली. सून घाईत होती. जाताना तिनं माझे दोन्ही हात धरले, काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली आणि ती पळाली. मेंढरं रस्त्याला लागली, तेव्हा धुळीत कोण कुठं ते कळेना. मी हात हलवत राहिले. कुणाला दिसत होतं की नाही, काय माहीत.

रानाचा मालक मोटरसायकलवर आला. उतरला, लेंडीखत किती पडलंय ते चालत बघून आला, खूश दिसला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी मागं ऱ्हायला का? ह्येंच्यातल्याच न्हवं तुमी?"

"नाही हो," मी म्हटलं. "मी लस द्यायला आले होते. झालं माझं काम."